कुऱ्हाडीआधीची मुदत

झाडांच्या भानगडी घेऊन वकिलाकडे येणारी माणसं दोनच तऱ्हेची असतात. पहिला म्हणतो, झाड माझ्या जागेत आहे, माझ्या आजोबांनी लावलंय, खतपाणी आम्ही घातलं. मग ते काढायला नगरपालिकेच्या पाया कशासाठी पडायचं? दुसरा बहुधा त्याचाच शेजारी असतो. त्याचं गाऱ्हाणं असं की झाड त्यांचं, पण पाचोळा माझ्या गच्चीवर, मुळं माझ्या टाकीत आणि कावळ्यांचा सगळा कारभार माझ्या गाडीवर; हे मी का सोसायचं? कायदा आपल्याच बाजूला आहे याची दोघांनाही खात्री असते. दोघंही निम्मे बरोबर असतात, आणि उरलेल्या निम्म्यासाठी हे पुस्तक लिहिलं गेलं आहे.

मालकीची बाजू आधी पाहू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या २५व्या कलमाने जमिनीवर उभ्या असलेल्या झाडांचा हक्क त्या जमिनीच्या धारकालाच दिला आहे. आज यात विशेष काही वाटत नाही. पण इंग्रजी अमदानीत साग, शिसव, चंदन अशी मोलाची झाडं शेतकऱ्याच्या बांधावर उभी असली तरी अनेक ठिकाणी सरकार ती स्वतःसाठी राखून ठेवी. सारा भरायचा शेतकऱ्याने आणि बांधावरचा साग सरकारचा, असा तो प्रकार होता. तेव्हा हे कलम वाटतं तितकं किरकोळ नाही. मात्र झाडाची मालकी आणि झाड पाडण्याची मोकळीक या दोन गोष्टी कायद्याने एकाच हाताने दिलेल्या नाहीत. तोडीवर नियम करण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडेच ठेवला.

तोडीवर नियंत्रण ठेवणारे मुख्य कायदे दोन. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ हा मुख्यतः शेताशिवाराचा. त्याच्या अनुसूचीत नाव असलेलं झाड वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडायचं नाही, मग ते स्वतःच्या वावरात का असेना. ही अनुसूची मुद्दाम वाचावी अशी आहे. हिरडा, मोह, खैर ही डोंगरातल्या लोकांच्या पोटापाण्याची झाडं तिच्यात आहेत. आंबा, फणस, चिंच, जांभूळ ही परसातली आहेत. साग, ऐन, किंजळ, बिबळा, हळदू, तिवस, अंजन ही इमारती लाकडाची. चंदन आहे, ज्याच्यावर मालकापेक्षा चोरांचं लक्ष जास्त. आणि शेवटी खारफुटी. वड, पिंपळ, कडुलिंब मात्र तिच्यात नाहीत. त्यांना गावात कोण हात लावणार, असं यादी करणाऱ्यांना वाटलं असावं. रस्ता रुंदीकरणाची यंत्रं तेव्हा कुणी पाहिली नव्हती.

दुसरा कायदा शहरांचा: महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत तो चालतो. इथे जातींची यादी नाही. झाड म्हणजे झाड. यात वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहे, दर पाच वर्षांनी झाडांची गणना करण्याचं बंधन आहे. बृहन्मुंबईच्या अशा गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं भरली, आणि त्यातली निम्म्याहून अधिक खासगी आवारांत निघाली. रस्त्याच्या कडेची दोन लाखांच्या आतच होती. शहरातली सावली महापालिकेची असते अशी आपली समजूत आहे. प्रत्यक्षात ती सोसायट्यांच्या, वाड्यांच्या, शाळांच्या आणि कारखान्यांच्या कुंपणाआड उभी आहे. खासगी मालमत्तेवरचं झाड हा म्हणूनच या कायद्यातला मुख्य विषय ठरतो.

या कायद्याविषयी माझं एक ठाम मत आहे आणि ते या पुस्तकाच्या पानापानावर मला पुन्हा भेटलं. लोक समजतात की कायद्याने झाड तोडायला बंदी आहे. तशी बंदी नाही. मेलेलं, रोगट, वाऱ्याने उन्मळलेलं, जिवाला किंवा मालमत्तेला धोका असलेलं झाड असेल तर प्राधिकरणाला परवानगी नाकारताही येत नाही, आणि बांधकामासाठी मागितलेल्या परवानग्याही पुष्कळदा मिळतात. कायदा झाडाला देतो ती मुदत. मालकाने ठरवलं आणि कुऱ्हाड पडली, या दोन क्षणांच्या मधे तो काही आठवडे घुसवतो, आणि त्या आठवड्यांत दुसऱ्या कुणाचे तरी डोळे त्या झाडावर पडतील अशी तजवीज करतो. बाकीचा दंड, शिक्षा, नुकसानभरपाईची रोपं वगैरे सगळा त्या मुदतीचा पहारा आहे.

ही मुदत कशी चालते ते जवळून पाहण्यासारखं आहे. अर्जदार झाडांची संख्या, जात, जागेचा नकाशा आणि कारण देतो. वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः जागेवर जाऊन पाहणी करायची असते. प्रत्यक्षात उद्यान विभागाचा माणूस येतो, छातीच्या उंचीवर टेपने बुंध्याचा घेर घेतो, वर पाहतो, फोटो काढतो, वहीत लिहितो. मग वर्तमानपत्रात जाहीर सूचना आणि झाडावर नोटीस. त्या नोटिशीकडे कुणी थांबून पाहत नाही. छापील नमुना, मधे निळ्या शाईने भरलेल्या जागा: अर्जदाराचं नाव, झाडाचा क्रमांक, जात, तोड की पुनर्रोपण, हरकत कुठे आणि कधीपर्यंत नोंदवायची. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुतळीने बांधलेला असला तर नशीब. नाहीतर पहिल्या सरीत शाई उतरते आणि झाडाला आपण कशासाठी जाणार हे सांगणारा कागद कोरा होतो. काही ठिकाणी नोटीस खिळ्याने ठोकलेली मी पाहिली आहे. झाडाला कोणत्याही रीतीने इजा करणं हीसुद्धा तोडच, असं म्हणणाऱ्या कायद्याची ती नोटीस.

परवानगी मिळाली तरी लगेच करवत लावता येत नाही. परवानगीनंतर पंधरा दिवस झाड उभं राहिलंच पाहिजे, असं कायदा सांगतो. दाद मागणाऱ्याला न्यायालयापर्यंत पोहोचता यावं, हा त्यातला हेतू उघड आहे. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत आरेच्या मेट्रो कारशेडवेळी या दिवसांचं महत्त्व राज्याला कळलं. जमीन सरकारी होती, पण कायदा हाच. उच्च न्यायालयाने ४ तारखेला तोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री दिव्यांच्या उजेडात तोड सुरू झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला ती थांबवेपर्यंत दोन हजारांहून अधिक झाडं आडवी झाली होती. परवानगीनंतरचे पंधरा दिवस केव्हाच उलटून गेले आहेत, असं मेट्रोच्या बाजूने सांगण्यात आलं. दिवस मोजून पाहिले तर ते खरंही होतं. पण वाद न्यायालयात चालू असताना ती मुदत आतल्या आत सरून गेली, तर मुदत ठेवण्यामागचा हेतूच हातातून निसटतो. याचं उत्तर कायद्याच्या शब्दांत नाही. पुस्तकातही लेखकाने ते दिलेलं नाही, आणि इथे त्यांनी जरा अधिक धीटपणा दाखवायला हवा होता असं मला वाटतं.

२०२१च्या दुरुस्तीने या पहाऱ्याला धार आली. ५० वर्षं किंवा त्याहून अधिक वयाची झाडं हेरिटेज वृक्ष ठरली. एक झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपं लावायची, असं सूत्र आलं. दंड पूर्वी पाच हजारांपर्यंत होता, तो झाडामागे एक लाखापर्यंत जाऊ शकतो. कागदावर हे छान दिसतं. पण झाडाचं वय सांगायचं कुणी? दाखल्यावर जन्मतारीख असलेलं झाड अजून कुणी लावलेलं नाही. घेरावरून काढलेलं वय हा अंदाज असतो, आणि वडासारख्या पारंब्यांनी पसरत जाणाऱ्या झाडाच्या बाबतीत तर घेर कुठला मोजायचा इथूनच वाद. अर्जदाराच्या माणसाला झाड चाळिशीचं वाटतं, हरकतदाराला साठीचं. दोघांच्या मधल्या फरकात पन्नाशीची रेघ येते, आणि त्या रेघेवर सगळी वर्गवारी अवलंबून. झाडाच्या वयाविषयीच्या प्रकरणात लेखकाने वेगवेगळ्या जातींच्या वाढीचा जो विचार केला आहे तो वाचकाने सावकाश वाचावा. माझ्या माहितीत मराठीत हे असं सलग कुणी मांडलेलं नव्हतं.

झाड कशाला म्हणायचं, हा प्रश्न वरकरणी पोरकट वाटतो. गोव्यात तो विधानसभेपर्यंत गेला. तिथला वृक्षसंरक्षण कायदा १९८४चा. २०१६ मध्ये त्यात दुरुस्ती करून नारळाला झाडांच्या व्याख्येबाहेर काढलं गेलं. नारळाला फांद्या नसतात, खोड लाकडासारखं नसतं, वनस्पतिशास्त्रात तो ताडवर्गातला, असा युक्तिवाद झाला. शास्त्र म्हणून त्यात तथ्य आहे. पण ज्या भागात दाराशी माड नाही असं घर शोधावं लागतं, तिथे लोकांना पुढचं लगेच दिसलं: परवानगी लागणार नाही म्हणजे माडांच्या बागा एका रात्रीत भूखंड होतील. बरीच ओरड झाली आणि २०१७ मध्ये नवं सरकार आल्यावर नारळ पुन्हा झाड झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात केंद्राने वटहुकूम काढून वनक्षेत्राबाहेरच्या बांबूला भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून वगळलं. ते मात्र शेतकऱ्यांनी डोक्यावर घेतलं, कारण आपल्याच बेटातले बांबू तोडून बाजारात न्यायला वाहतूक पासासाठी हेलपाटे घालायची वेळ गेली. एकाच वर्षात एक वनस्पती व्याख्येत आली, दुसरी बाहेर गेली, आणि माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते. बांबू तोडला की फुटतो. माडाचा शेंडा एकदा गेला की माड गेला.

न्यायालयांनी याहून मुळाचा प्रश्न हाताळला आहे. झाड स्थावर की जंगम? १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य हा खटला निकाली काढला. एका जमीनदाराने १९४८ मध्ये नोंदणी न केलेल्या दस्तऐवजाने आपल्या जंगलातलं लाकूड तोडून नेण्याचा हक्क पत्नीला दिला होता. जमीनदाऱ्या गेल्या, सरकारने तोड अडवली आणि प्रकरण दिल्लीपर्यंत पोहोचलं. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्यायमूर्ती विवियन बोस यांनी त्यात वेगळं निकालपत्र लिहिलं. जमिनीतून पोषण घेत वाढत राहायचं आहे ते झाड स्थावर. लाकूड म्हणून वापरण्याजोगं झालेलं आणि लवकरच तोडायचं ठरलेलं झाड म्हणजे उभं लाकूड, ते जंगम. म्हणजे एकच आंबा, फळासाठी राखला तर घराजमिनीच्या पंगतीला बसतो आणि फळ्यांसाठी विकला तर टेबलखुर्चीच्या. मुळं तीच, माती तीच. बदलतो तो माणसाचा बेत. झाडांचे सौदे तोंडी करणाऱ्या बागायतदारांनी आणि वखारवाल्यांनी पुस्तकातलं हे प्रकरण आधी वाचावं, सौदा नंतर करावा.

कोकणातला गुंता आणखी निराळा. तिथे जमीन एकाची आणि तिच्यावरचं आंब्याचं किंवा फणसाचं झाड दुसऱ्याचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. वाटण्या झाल्या तेव्हा जमीन थोरल्याकडे गेली आणि धाकट्याला कलमं आली. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त कधी त्याची नोंद सापडते, कधी सापडत नाही, आणि मुंबईत राहणारे वारस मे महिन्यात आंबे उतरवायला आले की एकमेकांना ती दाखवायला सांगतात. अशा झाडाच्या तोडीचा अर्ज कुणी करायचा? जमीनवाल्याने केला तर झाडवाला हरकत घेतो, झाडवाल्याने केला तर जमीनवाला त्याला आत येऊ देत नाही. भांडणात ते झाड मात्र दोघांच्याही आधी होतं तसंच मोहरत राहतं. पुस्तकातलं हे प्रकरण मला सर्वांत आवडलं, कारण इथे लेखकाने कायदा सांगताना माणसं दृष्टिआड होऊ दिलेली नाहीत.

झाडांविषयी मराठीत काही लिहायचं म्हटलं की रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र येतंच. मीही टाळत नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातल्या या ग्रंथात आरमारासाठी लागणाऱ्या लाकडाची चर्चा आहे आणि आंबा-फणसासारखी रयतेची झाडं तोडू नयेत, एखादं फार जीर्ण झालेलं झाड हवंच असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असा दंडक आहे. हा उतारा आपण पर्यावरणाचा आद्य कायदा म्हणून शाळेच्या भिंतीवर लावतो. माझं वाचन थोडं वेगळं आहे. तिथे झाडाला वाचवायचं आहे ते सरकारी माणसापासून, आणि ढाल आहे मालकाची संमती. आजच्या कायद्यात झाड वाचवायचं आहे ते खुद्द मालकापासून, आणि ढाल आहे सरकारी माणूस. तीनशे वर्षांत भूमिकांची अदलाबदल झाली. सरकारी माणसावरचा अमात्यांचा अविश्वास अगदीच जुना झालाय, असं मात्र मी म्हणणार नाही.

आता शेजारी. त्याच्या हद्दीत आलेल्या फांदीबद्दल आपल्याकडचा दिवाणी कायदा इंग्रजी निवाड्यांच्या वाटेने गेला. १८९०च्या दशकात हाऊस ऑफ लॉर्ड्सने लेमन विरुद्ध वेब या खटल्यात ठरवलं की आपल्या हद्दीत घुसलेली फांदी आपल्याच जागेत उभं राहून, हद्दीपर्यंत छाटता येते. त्यासाठी आधी नोटीस देण्याची सक्ती नाही, मात्र झाडवाल्याच्या जागेत पाऊल टाकायचं नाही. फांदी वर्षानुवर्षं लोंबत राहिली म्हणून ती तशीच ठेवण्याचा वहिवाटीचा हक्क झाडवाल्याला मिळत नाही. छाटलेल्या फांदीवरचे आंबे मात्र इंग्रजी कायद्याप्रमाणे झाडवाल्याचेच राहतात. हे ऐकून शेजाऱ्याचा चेहरा पडतो, हा माझा नेहमीचा अनुभव.

गावात एवढं पुरतं. शहरात पुरत नाही, कारण तिथे १९७५चा कायदा मधे उभा आहे आणि त्याच्या लेखी इजा हीदेखील तोड. म्हणजे फांदी छाटायचा दिवाणी हक्क शेजाऱ्याचा, पण तो बजावण्याआधी अर्ज उद्यान विभागाकडे. दोन कायद्यांची ही सांगड लोकांच्या पचनी पडत नाही. मे महिन्यात सोसायट्यांमध्ये जे चालतं ते याच गोंधळातून. कमिटी ठराव करते, परवानगी घेते ती ‘छाटणी’ची, आणि कंत्राटदार सगळ्या फांद्या मारून नुसता खांब ठेवतो. एका बाजूच्याच फांद्या काढल्या तर झाडाचा तोल जातो, मोठ्या जखमांतून कूज आत शिरते, आणि पुढच्या दोन-चार पावसाळ्यांत तेच झाड खरोखर धोकादायक होऊन तोडीच्या यादीत येतं. अशा झाडाची फांदी कोसळून कुणाचा जीव गेला तर धोका माहीत असून काही न करणारा मालक निष्काळजी ठरू शकतो. तेव्हा ‘झाड आहे, पडणारच’ हे उत्तर चालत नाही. मुद्दाम मारलेल्या झाडांचं तर वेगळंच. बुंध्याभोवती साल सोलून काढलेली असते, कुठे ड्रिलने भोकं पाडून काही ओतलेलं असतं, आणि सहा महिन्यांनी वाळलेल्या झाडाचा अर्ज येतो. मेलेल्या झाडाला परवानगी नाकारता येत नाही, हे या मंडळींना वकिलाइतकंच पाठ असतं. पाहणीला येणाऱ्याने वर शेंड्याकडे पाहण्याआधी खाली बुंध्याकडे पाहावं, हा पुस्तकातला सल्ला साधा आहे आणि फार मोलाचा.

सावलीचं काय? बांधावरच्या बाभळीने किंवा लिंबाने शेजारच्या तासातलं पीक खुरटतं, ही शिवारातली रोजची तक्रार. इथे कायदा शेतकऱ्याला फारसा हात देत नाही. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ प्रमाणे वीस वर्षांच्या वहिवाटीने उजेड-वाऱ्याचा हक्क मिळतो तो इमारतीला. उघड्या शेताला नाही. ज्वारीला खिडकी नसते, असं आमचे एक ज्येष्ठ वकील म्हणत.

दंडाच्या आकड्यांवर लोकांची फार भिस्त असते. १९६४च्या कायद्यातला दंड हजार रुपयांपर्यंतचा. आज एका सागाच्या ओंडक्यापुढे तो हास्यास्पद आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो ५० हजारांवर नेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा धास्ती घेतली ती लाकूडतस्करांनी नव्हे, बागायतदारांनी. त्यांचं म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. स्वतः लावलेला साग स्वतः तोडताना तलाठ्यापासून वनविभागापर्यंत खेटे घालावे लागणार असतील आणि चुकलं तर असा दंड बसणार असेल, तर शहाणा माणूस साग लावणारच नाही. यादीत नसलेलं काहीतरी लावेल. उलट टोकाला सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२५चा आदेश आहे. ताजमहालाभोवतीच्या संरक्षित पट्ट्यात, मथुरा-वृंदावन भागात, मुख्यतः खासगी जमिनीवरची ४५४ झाडं विनापरवानगी तोडली गेली, त्यात न्यायालयाने झाडामागे एक लाख रुपये दंड कायम केला. तिथे मालकीचा बचाव चालला नाही. आपल्याकडे खारफुटीच्या बाबतीत हेच आधी झालंय. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५च्या अंतरिम आणि २०१८च्या अंतिम आदेशाने खासगी जमिनीवरच्या खारफुटीलाही कवच मिळालं. मोठे दंड मोठ्या तोडीला वेसण घालतात, यात शंका नाही. परसातल्या एका फणसाचं भवितव्य मात्र दंडावर ठरत नाही. झाडावरची नोटीस कुणी वाचली की नाही, यावर ते ठरतं.

राहिलं कुंपण. मराठी मुलखातलं जिवंत कुंपण हा एक अख्खा संसार आहे. देशावर निवडुंग, शेर, घायपात, मोगली एरंड. कोकणात गडग्याच्या कडेने करवंद, निर्गुडी, पांगारा आणि अलीकडे ग्लिरिसिडिया. शहरात मेंदी आणि कडूमेंदी. त्याच्यावर कायदे मात्र तुटपुंजे. गुरं आत शिरली तर १८७१चा कायदा आणि कोंडवाडा. कुंपणाने वहिवाटीची वाट अडली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, आणि तिथे सहा महिन्यांच्या आत दाद मागितली नाही तर तो दरवाजा बंद. बांधावरून जाण्याच्या वाटेचा हक्कच ठरवायचा असेल तर महसूल संहितेचं १४३वं कलम आणि तहसीलदार. कुंपण किती उंच असावं, हद्दीपासून किती आत लावावं, याबद्दल आपले वृक्षकायदे गप्प आहेत. मात्र कुंपणातला पांगारा किंवा ग्लिरिसिडिया वाढू दिला आणि त्याचं बुंधा धरलेलं झाड झालं, तर शहरात त्याला परवानगीचा नियम लागू होणार, हे विसरू नये.

इतर देशांनी इथे बारीक कातलं आहे. फ्रान्सच्या दिवाणी संहितेत दोन मीटरपेक्षा उंच वाढणारं झाड हद्दीपासून दोन मीटर आत, त्याहून बुटकं अर्धा मीटर आत, असा मूळ नियम आहे. इंग्लंडमध्ये १९९७च्या नियमांनी शेतांमधली जुनी कुंपणं उपटण्याआधी स्थानिक परिषदेला कळवून ४२ दिवस थांबावं लागतं. तिथेही शेवटी मुदतच. आणि २००३च्या कायद्याने घराशेजारच्या दोन मीटरहून उंच, सदाहरित कुंपणाविरुद्ध परिषदेकडे तक्रार करता येते. लंडनच्या उपनगरात घर घेतलेल्या आमच्या नातेवाइकांना या दोन मीटरचा परिचय शेजाऱ्यानेच करून दिला.

या पुस्तकाच्या लेखकाला असाच उंचीचा नियम महाराष्ट्रात हवा आहे. शेवटच्या प्रकरणात त्यांनी त्याचा मसुदाही दिला आहे, आणि तो नेटका आहे. मला मात्र तो पटलेला नाही. इंग्लंडची अडचण उन्हाची आहे. तिथे वर्षातले निम्मे दिवस ऊन शोधावं लागतं. आपल्याकडे मार्च ते जून शेजाऱ्याच्या कुंपणाची सावली अंगणात पडली तर लोक तिथे खाट टाकतात. शिवाय तक्रार ऐकणार कोण? आज वृक्ष अधिकाऱ्यांना अर्ज आलेल्या प्रत्येक झाडापर्यंत पोहोचायला वेळ पुरत नाही. उद्या मेंदी दोन मीटर की सव्वादोन हे मोजायला टेप घेऊन गल्लीबोळ फिरायचं झालं तर झाडावरच्या नोटिशी लावायच्या कुणी? कुंपणाचे तंटे आजही बहुतेक वेळा दोन घरांमधल्या बायका किंवा भावकीतलं कुणी मिटवतं. कधी मिटतही नाहीत, मग ते तहसीलदारापुढे येतात, आणि तिथेही खरं भांडण कुंपणाचं नसून बांध कोरल्याचं असतं. ते मोजणीने सुटेल, उंचीच्या नियमाने नाही.

लेखकाशी माझा हा वाद हस्तलिखित हातात आल्यापासून चालू आहे. त्यांनी मसुदा ठेवला आहे, मी हरकत नोंदवली आहे. परिशिष्टात हरकतीचा नमुना दिलेला आहे. वाचकांनी तो आधी आपल्या गल्लीतल्या झाडावरच्या नोटिशीसाठी वापरून पाहावा, आणि मग वाटल्यास या मसुद्यासाठी.